पाच वाजेपावतर

वरवट बकालच्या स्टँडवर मी उतरलो तवा साडेतीन वाजले होते. पहिले घड्याळ पाह्यलं, मंग भिंत.

भिंत रस्त्यावर आली होती. तशी ती जागची हाललीच नाही, रस्ताच रुंद होत होत तिच्या पायाशी येऊन बसला. रहीम चाचाच्या गादीच्या दुकानाचा पुढचा भाग पाडला. शटर गेलं, पाटी गेली, कापूस पिंजायच्या मशीनचा ओटा गेला, अन् मांगची खोली उघडी पडली. न्हाताना कोणी दार लोटावं, तशी. ज्या भिंतीकडे तोंड करून आम्ही दोन वर्षं इंग्रजीच्या क्लासाले मांडी घालून बसलो, ती आता एसटीतल्या लोकायकडे तोंड करून उभी आहे. तिच्यावर तायडे सरनं ऑइलपेंटनं काढलेलं चित्र तसंच आहे. मोठ्ठं हिरवं शिवार, शिवारात गोठा, गोठ्यात एक खुंटा. शिवारावर लिहिलेलं 'इन', गोठ्यावर 'ऑन' अन् खुंट्यावर 'अ‍ॅट'.

माह्यासंग उतरलेल्या एका बाबानं डोयावर हात धरून ते पाह्यलं.

"कोन्या पक्षाची निशानी होय बापा हे?"

"इंग्रजी पक्षाची," मी म्हणलं.

"निवडून येते?"

"आमच्याकडून त नाही आली."

बाबा हसत गेला. मी हसलो नाही. माह्या खिशातल्या मोबाइलमधे चार दिवसापासून एक मेसेज बसून आहे.

मेसेज शाहीनचा. सात वर्षात पहिला. शाहीन म्हणजे रहीम चाचाची पोरगी, माह्या वर्गातली. आता नागपूरले एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, चाचा पण तिच्याचजवळ राहाते. मेसेज असा : शुक्रवारले येऊन राह्यली. अब्बूची कापूस पिंजायची धुनकी न्यायची आहे, भिंत पडाच्या आंधी. आणि मंग शेवटची ओळ इंग्रजीत. आय विल बी अ‍ॅट स्टँड टिल फाइव्ह.

टिल फाइव्ह. पाचपर्यंत स्टँडवर थांबून राहीन. पाचच्या पुढे नाही. खामगावले एका क्लासात मी पोट्ट्यायले हेच शिकवतो आता. हसू नका, लोक पैसे देऊन शिकतात. त मी म्हणलं, पाचले निघून जाणारी पोरगी, आपण साडेतीनले पोचू. एक गोष्ट तिले सांगायची आहे. दोन शब्दाची. सात वर्षं झाले सांगायची राहून गेली. सोमवारले भिंत पडणार, म्हणजे वरवटले यायचं तिचं शेवटचं कारणही पडणार.

अन् स्टँडवर शाहीन नाही.

बाकावर एक बकरी, एक झोपलेला माणूस अन् मी. बसतो.

*

त्या खोलीचा वास काय सांगू. दिवाळी झाली की गावभरातल्या जुन्या गाद्या रहीम चाचाकडे येत. वर्षभर कोणी त्याच्यावर झोपलेलं, कोणी आजारी पडलेलं, कोणाच्या लेकरानं ओली केलेली. चाचा शिवण उसवे अन् गावाची सारी झोप भायेर निघे. थोडी आंबूस, थोडी तेलकट, थोडी सरकीच्या वासाची. मंग मशीन चालू होई. घर्रर्र. कापूस उडे अन् दाराच्या फटीतून आमच्या क्लासात येऊन बसे. सहाच्या सुमाराले सारे पोट्टे म्हातारे झालेले राहत. सरच्या मिशीत कापूस, शाहीनच्या ओढणीवर कापूस, फळ्यावर कापूस. लहान काम राह्यलं की चाचा मशीन बंद करून धुनकी काढे. माणसाएवढं धनुष्य, तातीचं. तिचा आवाज आला की सर बोलायचं थांबवत. ढुंग, ढुंग, ढुंग. कोणी खोल विहिरीत बसून एकतारी वाजवून राह्यलं, असं वाटे.

"झालं का चाचा?" सर विचारत.

"दो मिनट मास्टर. ये एक तकिया हो जान दो."

आमचं खारपाणपट्ट्याचं गाव. साबणाले फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. चाची आम्हाले चहा देई त तो पण थोडा खारट लागे. मले खामगावच्या चहात अजून काहीतरी कमी वाटते, ते हेच असंन.

तायडे सर शाळेत पक्के मास्तर नव्हते. तासिकेवर होते, दरवर्षी जूनले त्याईची ऑर्डर येते का नाही हे कोणाले माहीत नसे. पण इंग्रजी शिकवाचं वेड. म्हणे, "आपली वऱ्हाडी लय श्रीमंत हाय रे. एकच 'ले' हाय अन् सारं भागते. सोमवारले ये. चार तारखेले ये. संध्याकाळले ये. दिवाळीले ये. इंग्रज बिचारा गरीब, त्याले एवढ्याशा कामाले तीन नोकर ठेवा लागतात. अ‍ॅट, ऑन, इन."

मंग त्याईनं ते चित्र काढलं. घड्याळातला वेळ म्हणजे खुंटा, एक टोक, तिथं अ‍ॅट. दिवस, तारीख म्हणजे गोठा, तिथं ऑन. महिना, वर्ष, उन्हाळा-हिवाळा म्हणजे शिवार, तिथं इन.

"चौदा एप्रिल?" सर विचारत.

"ऑन," आम्ही बौद्धवाड्याचे पोट्टे सगळ्यायच्या आधी बोंबलत. ती तारीख कोणी आम्हाले विचारावं अन् आम्ही चुकावं, असं होणारच नव्हतं. निळे झेंडे, उसाचा रस, डीजेच्या मांगं नाचून घसा बसलेला, हे सारं त्या एका 'ऑन'मधे होतं.

"एप्रिल महिना?"

"इन."

"रात्र?"

"इन," मी.

"अ‍ॅट," शाहीन.

"अ‍ॅट बरोबर."

मी उठलो. "सर, रात्र त शिवाराएवढी मोठी. तिले खुंटा कायले?"

सरनं मिशीतला कापूस काढला. मंग म्हणे, "रात्री सारेच आपापल्या खुंट्याले बांधलेले राहतात बाबू. बस खाली."

एका दिवशी सिन्स अन् फॉर झालं. सिन्स म्हणजे खुंटा जिथं गाडला ती जागा. फॉर म्हणजे दाव्याची लांबी. हे मी आजही क्लासात तसंच सांगतो. खामगावच्या पोट्ट्यायले दावं म्हणजे काय ते पण सांगा लागते.

*

सव्वाचार.

सव्वाचार झाले अन् शाहीन नाही. टिल फाइव्ह म्हणलं म्हणजे आत्ता ती हितं असाले पाहिजे. मी रसवंतीच्या मांगं पाह्यलं, पंपावाल्याच्या दुकानात पाह्यलं, भिंतीपाशी जाऊन पाह्यलं. धुनकी कोपऱ्यात उभी आहे, गोणपाटात बांधलेली. म्हणजे ती अजून आली नाही, का येऊन न घेता गेली?

फोन लावला. बाई सांगून राह्यली, ग्राहक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. त्या बाईची नक्कल मी लय छान करतो. आज केली नाही.

नकलेचं सांगतो. मले कोणाचाही आवाज दोन दिवसात येते. सरपंच, कंडक्टर, चाचाची बकरी. तायडे सरचा त असा येत होता का सर स्वतः एकदा म्हणे, "मी सुट्टीवर गेलो त तू घे बे क्लास." सर बोलताना वाक्याच्या शेवटी श्वास आत ओढत, जसं वाक्य परत घेऊन राह्यले. तेवढं एक पकडलं की झालं.

बारावीचं वर्ष. रमजानचे दिवस होते, उन्हाळा पेटत चाललेला. संध्याकाळी पाचले क्लास, अन् त्या दिवशी क्रिकेटची मॅच. मी दुकानात गाद्याच्या थप्पीमांगं लपलो. मशीनची घरघर चालूच होती. पोट्टे दारात आले तसा मी सरच्या आवाजात बोललो, "आज सुट्टी रे. मले संग्रामपूरले जाचं हाय. घरी जा, वाचा." अन् श्वास आत ओढला.

पोट्टे असे पळाले का कोणाची चप्पल कोणाच्या पायात गेली. मी पण पळालो. मॅच जिंकलो. सर आले तवा क्लासात कोणी नव्हतं. एकटी शाहीन होती, कारण तिचं घरच तिथं, ती कुठं पळणार.

सरनं तिले एकटीले शिकवलं. धडा होता बाय अन् टिल.

हे मले त्या दिवशी माहीत नव्हतं. बायचा अन् टिलचा आमच्याकडे एकच अर्थ. पावतर. पाच वाजेपावतर येतो. पाच वाजेपावतर थांबतो. दोन्हीले पावतर. पाचच्या आंधी केव्हाही पोचीन, तरी पावतर. पाच वाजत नाहीत तोवर हालणार नाही, तरी पावतर. मले कोणी विचारलं असतं त मी सांगतलं असतं, पावतर म्हणजे टिल. सोपं आहे. बाय त बाय-बाय करताना म्हणतात.

शाहीनले सरनं रोज्यावर समजावलं. सरनंच मले लय नंतर सांगतलं, सारं होऊन गेल्यावर. "रोजा हाय टिल मगरिब," सर म्हणे. "सूर्य बुडून मगरिब होत नाही तोवर पानी नाही. पूर्ण वेळ थांबाचं. अन् इफ्तारले घरी पोच बाय मगरिब. पाच मिनिट आंधी पोच, अर्धा तास आंधी पोच, पन त्याच्यानंतर नाही. टिल म्हणजे थांबनं. बाय म्हणजे पोचनं."

ज्या पोरीनं अख्खा महिना टिल मगरिब उपाशी काढला, ती ते विसरंन का.

*

साडेचार.

ऊन बाकावरून उतरून माह्या गुडघ्यावर आलं. बकरी उठून गेली. झोपलेला माणूस जागा झाला, मले विचारे, "शेगावची गेली का?"

"नाही."

"तुमी कवापासून आहात?"

"साडेतीनपासून."

"अन् गेली नाही?"

"मले जायचं नाही. मले भेटायचं आहे."

त्यानं मले खालून वरपर्यंत पाह्यलं, अन् दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

तो जूनचा दिवस असाच होता. असंच ऊन, असाच डांबराचा वास. बारावीचा निकाल लागला होता. शाहीनले अकोल्यात नर्सिंगच्या कॉलेजात नंबर लागला होता, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं. सारे कागद तयार. एक नॉन-क्रिमिलेयरचा दाखला राह्यला होता, तो संग्रामपूरच्या तहसीलीत अडकलेला. मी माह्या दाखल्यासाठी तिकडे जाऊनच राह्यलो होतो. तिनं पावती देल्ली.

"आणशीन ना बे? मस्करी करू नको."

"तायडे सरच्या आवाजात मागतो, लवकर देतीन."

"मस्करी करू नको म्हणलं ना."

ठरलं असं का मी दाखला आणून स्टँडवर द्यायचा. सव्वापाचची शेगाव गाडी शेवटची होती. तिथून रेल्वेनं अकोला, तिथं तिची खाला, म्हणजे मावशी. रात्री खालाकडे, सकाळी कॉलेजात.

तहसीलीत दाखला साडेतीनले भेटला. मी खुश. शाहीनजवळ स्वतःचा फोन नव्हता, चाचाचा बटनाचा होता, त्याच्यावर मेसेज टाकायचा होता. मी मराठीत टाकू शकत होतो. इंग्रजी अक्षरात वऱ्हाडी टाकू शकत होतो, सारी दुनिया टाकते. पण नर्सिंगले नंबर लागलेली पोरगी, तिच्यापुढे आपण कमी पडू नये, असं काहीतरी डोक्यात. म्हणून टाइप केलं. गॉट इट. आय विल बी अ‍ॅट स्टँड टिल फाइव्ह.

पाच वाजेपावतर येतो. माह्या हिशोबानं.

तिनं वाचलं, फोन चाचाच्या हातात देल्ला अन् चार वाजता स्टँडवर आली. तिच्या हिशोबानं मी तिथं आधीच होतो, अन् पाचपर्यंत थांबणार होतो. मी नव्हतो. तिनं रसवंतीवाल्याले विचारलं. तो म्हणे, आज त दिसला नाही. सव्वाचार. साडेचार. काय वाटलं असंन तिले? हेच वाटलं असंन का हा पोट्टा गाद्याच्या मांगं लपून हसून राह्यला. मी तसा होतोच. पावणेपाच. तहसीलचं ऑफिस बंद व्हायची वेळ. अन् दहा मिनिटं कमी असताना संग्रामपूरची गाडी समोर येऊन उभी राह्यली. ती चढली. म्हणलं, आपणच जाऊन आणू.

मी संग्रामपूरहून काळीपिवळी जीपमधे येऊन राह्यलो होतो. एक लाल एसटी समोरून गेली. इतक्या जवळून का आमच्या ड्रायव्हरनं आरसा आत घेतला. त्या गाडीत ती होती, अन् माह्या मांडीवर तिचा दाखला होता, प्लास्टिकच्या पन्नीत.

पाचले दोन मिनिट कमी असताना मी स्टँडवर उतरलो. छाती फुगवून. म्हणलं, पाह्यलं, दिलेला शब्द.

*

पाचले दहा मिनिट कमी.

संग्रामपूरची गाडी लागली. तीच वेळ. आता निळी-पांढरी झाली गाडी, पण वेळ तीच.

संग्रामपूरले शाहीनची एक मावसबहीण राहाते, मले माहीत आहे. एक विचार डोक्यात घुसला अन् बाहेर निघंना. ती आली होती. साडेतीनच्या आंधी आली, मी दिसलो नाही, तिकडे निघून गेली. आत्ता गेलो त सापडंन. फोन अजूनही बंद. मी उठलो. एक पाय पायरीवर ठेवला.

"चढता का भाऊ?" कंडक्टर.

मी तसाच उभा, अर्धा गाडीत अन् अर्धा वरवटात. सात वर्षांआंधी या पायरीवर उभी असताना तिले काय वाटलं असंन, ते मले पहिल्यांदा समजलं. ती मले शिव्या देत चढली नसंन. ती घाबरून चढली असंन. वर्ष जाणार म्हणून.

"भाऊ, चढा नाहीतर उतरा."

तवा माह्या तोंडातून सरचा आवाज निघाला. मी काढला नाही. सर जाऊन तीन वर्षं झाले, तवापासून मी तो आवाज कोणाच्यासमोर काढत नाही. लोक म्हणतात, काढ ना, मजा येते. मी म्हणतो, विसरलो. अन् आज आपोआप निघाला, बारीकसा. "टिल म्हणजे थांबनं." शेवटी श्वास आत.

"काय?" कंडक्टर म्हणे.

"नाही जायचं," मी म्हणलं, अन् पाय खाली घेतला.

गाडी गेली. धूर राह्यला.

*

पुढचं सांगतो, ते सांगितल्याबिगर हे अर्धं राहाते.

त्या दिवशी मी चाचाले फोन केला होता. चाचा म्हणे, "वो तो कबकी गई बेटा, तेरेकोच मिलने." सव्वापाचची शेगाव गाडी आली अन् गेली. दोस्त जमले. मी मेसेज दाखवला. "पाहा, एवढं साधं इंग्रजी समजलं नाही, अन् चालली नर्स व्हाले." मंग मी तिची नक्कल केली. ओढणी डोक्यावर घ्यायची तिची पद्धत, नाकातून बोलणं. "हाय अल्ला, टिल म्हणजे काय असते वो?" पोट्टे पोट धरून हसले. मी परत केली. तिसऱ्यांदा करत असताना सगळ्यायचं हसू एकदम थांबलं, अन् मले वाटलं आपण काही चुकलो का नकलेत.

ती माह्या मांगं उभी होती. संग्रामपूरहून परत आलेली. तहसीलवाल्यानं सांगतलं होतं, तुमचा माणूस कवाचाच घेऊन गेला.

तिनं माह्या हातातली पन्नी घेतली. ओढणी डोक्यावर घेतली, अगदी मी करत होतो तशीच. अन् रस्ता ओलांडून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघाली, पण अकोल्याले पोचेपर्यंत पावणेअकरा झाले. तिच्या जागेवर यादीतलं खालचं नाव घेऊन टाकलं होतं. पुढचं एक वर्ष ती त्या दुकानात बसून गाद्याले टाके घालत होती. त्याच्यापुढच्या वर्षी नागपूरले लागली. त्या पूर्ण वर्षात मी रोज दोनदा दुकानासमोरून गेलो. धुनकीचा आवाज येई. ढुंग, ढुंग. मी आत गेलो नाही. दोन शब्द होते. मले दुनियेचे आवाज येतात, पण ते दोन शब्द कोणाच्या आवाजात म्हणायचे, ते समजत नव्हतं.

सरनं मले बोलावून मेसेज वाचला होता. मले वाटलं मारतीन. मारलं नाही. कापूस झटकत म्हणे, "तिले इंग्रजी येते. तुले येत नाही. म्हनून चुकामूक झाली." मोबाइल परत देल्ला. "दोघायलेही आलं असतं त भेट झाली असती. दोघायलेही नसतं आलं, तरी झाली असती."

*

पाच.

स्टँडवरच्या घड्याळात पाच, मोबाइलमधे पाच, मशिदीकडून काही नाही, तिची वेळ वेगळी. टिल फाइव्ह संपलं. नियमाप्रमाणे आता इथं थांबायले काही अर्थ नाही. मी शिकवतो ते खरं असंन त शाहीन आली अन् गेली, किंवा तिनं मले बसवून ठेवलं, मी जसा गाद्यामांगं लपलो होतो तसं. अन् तिनं तसं केलं असंन त मले बोलायले जागा नाही.

पाच वाजून दोन. चार. ऊन भिंतीवर गेलं. सरचं शिवार पिवळं दिसाले लागलं, खुंट्याची सावली पडल्यासारखी वाटली. पेंटच्या खुंट्याची कसली सावली. पण वाटली. मी बसूनच राह्यलो. कोणत्या नियमानं, ते मले सांगता येत नाही.

पाच वाजून सात मिनिटाले शेगावहून गाडी आली. लोक उतरले. एक बाई, दोन पिशव्या. एक शाळेतली पोट्टी. मंग चष्मा लावलेली, खांद्याले काळी बॅग, पायात पांढरे बूट. दारातच थांबली अन् ओढणी डोक्यावर घेतली.

मी उभा झालो. बसल्या जागी पाय बधिर झाले होते.

ती समोर आली. पहिले भिंत पाह्यली, मंग मले.

"पाच वाजून गेले का बे?"

"सात मिनिटं."

"पूर्णेच्या पुलावर ट्रक आडवा होता. त्यात फोनची बॅटरी गेली. मले वाटलं तू निघून गेला असशीन."

"तू टिल लिहिलं होतं."

"हाव."

"टिल म्हणजे तू आधीपासून हितं राहणार, अन् पाचले..."

"मले माहीत आहे टिल म्हणजे काय. सरनं मले एकटीले शिकवलं होतं."

"मंग?"

तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. तोंडावर हसू नव्हतं, पण कुठंतरी मांगं होतं.

"तुह्या इंग्रजीत लिहिलं. म्हणलं, माह्या इंग्रजीत लिहिलं त मागच्यासारखी चुकामूक व्हाची. मले काय माहीत, तू मंधात शिकून बसला म्हणून."

जोक होता, चांगला होता. मंग ते दोन शब्द निघाले. मी कोणाचा आवाज लावला नाही. माहा आवाज मले असा ऐकायची सवय नाही, थोडा फाटका वाटला.

"चुकलं माहं."

गाडी मांगं घेत होते. कंडक्टर टिनावर हात मारून राह्यला. ती थांबली, गाडी पुरी वळेपर्यंत. तिचं एक वर्ष त्या दोन शब्दात बसत नाही, हे मलेही दिसत होतं, तिलेही.

"कवापासून बसला आहेस?"

"साडेतीनपासून."

"सिन्स का फॉर?"

"सिन्स."

तिनं मान हालवली, सर हालवत तशी. मंग रस्त्याच्या पलीकडे पाहून विचारलं, "अन् हे सात वर्षं?"

"फॉर," मी म्हणलं.

"बरोबर," ती म्हणाली. "चाल, धुनकीले हात लाव. एकटीले उचलत नाही ती."